तारेचा ब्रश वापरू नये

पहिल्या दिवशी हात लावायचीच मनाई होती.
दारव्हा रस्त्यावरची बंद जिनिंग,
फुटक्या पत्र्यातून जमिनीवर पडलेले उन्हाचे रुपये,
आणि आम्ही अकरा जण:
बांधकाम, पाटबंधारे, आयटीआयचा एक निदेशक,
एक रेल्वेतून उसना आलेला.
वाफेच्या इंजिनासमोर उभे,
दुसऱ्याच्या साक्षगंधात
चुकून पुढच्या रांगेत बसल्यासारखे.

टोळेमॅडम म्हणाल्या, आधी बघा. मग लिहा.
मग, जमलं तर, हात.
पंधरा वर्षांच्या नोकरीत
मला या क्रमानं कुणी काही सांगितलं नव्हतं.
आमच्याकडे आधी सही असते.

'खराब' हा शब्द इथं चालत नाही.
गंज किती, कुठे, ओल कुठल्या भिंतीकडून येते,
तेवढं लिहायचं.
सगीर फिटर, वय एक्याऐंशी, स्टुलावर बसून
आमच्या वह्यांकडे संशयानं बघत.
भोंगा थांबला त्या दिवशी पट्टे त्यांनीच उतरवले,
गुंडाळले, माळ्यावर नेले,
दर पोळ्याला तेल दिलं.
कुणी सांगितलं होतं?
"कोणी सांगन म्हून थांबलो असतो,
तं उंदरायनं खाल्ले असते."

ब्लेडनं रंग खरवडला, नखाएवढा.
वर राखाडी, खाली हिरवा, त्याखाली शेंदरी,
त्याखाली पुन्हा हिरवाच, पण निराळा,
पळसाच्या कोवळ्या पानाचा.
यातला खरा कोणता, रेल्वेवाल्यानं विचारलं.
मॅडमनी चारही लिहायला लावले.

चौथ्या दिवशी मला जिन नंबर नऊ मिळालं.
बिडाच्या चौकटीवर, कमरेच्या जरा वर,
तळहाताएवढी जागा काळसर, गुळगुळीत,
नदीतल्या ओल्या दगडासारखी.
भोवती सगळा तांबडा गंज.
मी लिहिलं: नोंद सदतीस. घर्षण. कारण अज्ञात.
आणि मनात आलं, सगळं एकसारखं घासून काढलं
तर काय देखणं दिसेल.
पिशवीत तारेचा ब्रश होता. घरून आणलेला.

पंचफुलाबाई धुर्वे चहा घेऊन आल्या.
किटली खाली ठेवली,
आणि न बघता डावा हात तिथं गेला.
बसला. मापाचा.
उजवा हात हवेत कापूस पसरू लागला,
दोनदा, तीनदा, मग ओशाळून थांबला.
"रातपाळीत झोप आली का अथीच टेकत होतो.
माह्याआधी माही सासू.
तुमाले थे डाग वाटला का?"

मला एकदम ते झडपेचं चाक आठवलं.
तलावाच्या पाळीवरचं, हातानं फिरवायचं.
त्याची कडा दोन जागी बारीक झाली होती,
समोरासमोर, खांद्याएवढ्या अंतरावर.
मी अहवालात 'झीज' लिहिलं होतं.
अकराशे चाळीस किलो, निर्लेखित,
सव्वीस रुपये दरानं,
खाली माझी सही, सुवाच्य.
ती दोन माणसं होती की एकच,
पाणी सोडताना तो कुठल्या पायावर भार देई,
हे आता कुणाला विचारू?
ट्रक उमरखेडकडे गेला, एवढंच माहीत आहे.

खोडायचं तर एकच रेघ मारायची,
खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला तारीख.
चूकही जपायची असते, हे आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवलं,
तेव्हा मी वहीच्या कोपऱ्यात
गावी जायच्या एसटीच्या वेळा लिहीत होतो.

'अज्ञात'वर रेघ मारली.
टेप काढली, विचारलं, बाई, उंची किती लिहू,
हात कुठवर यायचा?
त्या हसल्या. "मायी लिहा, पन सासू ठेंगनी होती.
चार बोटं खाली पाय बरं."

मी गुडघ्यावर बसलो.
चष्मा पुसला.
बॅटरी तिरपी धरली, शिकवली होती तशी.
गंजाखाली, अगदी पुसट, पहिलीहून लहान,
होती.

"चाय थंडा होते," मागून आवाज आला.
मी म्हटलं, होऊ द्या.
नोंद अडतीस.